पांढरं नेसायचा दिवस

मी एक पांढरी साडी बोलतेय. आज माझा अर्धा भाग नाल्याच्या या काठाला आहे, अर्धा त्या. तरी ऐकताना मला अख्खीच समजा.

सत्तरच्या सुमाराला अंजनाबाईंनी मला नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलं. दीक्षाभूमीवर जायच्या दिवशी आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया पांढरं नेसत. एरवी मी पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात.

नाल्यापलीकडे रुख्मिणी राहायची. धुणं त्या एकाच नाल्यावर, पण त्यांचा दगड वेगळा, आमचा वेगळा. बोलणं कधी नाहीच. तिच्याकडे विधवाच तेवढी पांढरं नेसायची. अंजनाबाईंना तिनं माझ्यात पाहिलं मात्र, नाला ओलांडून धावत आली आणि त्यांचा हात धरून रडायला लागली. आत देवराव, म्हणजे अंजनाबाईंचे यजमान, भाकर खात बसले होते. ते हात न धुताच बाहेर आले.

"कोन मेलं वं?"

रुख्मिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या रडण्यातून दोघींचं बोलणं सुरू झालं ते झालंच.

पुढे जवळच कोळशावर वीज करणारा कारखाना उभा राहिला. वीज शहरात गेली, राख आमच्याकडे आली. नाल्याकाठी तिचा उघडा ढीग पडायचा. सकाळी मला दोरीवर टाकलं की संध्याकाळी मी करडी. माझं सोडा, रुख्मिणीचे यजमान वामनराव खोकून खोकून अर्धे झाले. राख छातीत बसली, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या वस्तीनं अर्ज दिला. कारखान्याचे साहेब म्हणाले, ही रस्त्याची धूळ आहे, पलीकडच्यांची कुठे तक्रार आहे? पलीकडच्यांनी अर्ज दिला, तर त्यांना सांगितलं, नाल्याअलीकडचे कुठे तक्रार करतात? दोन वर्षं दोन्ही काठ एकमेकांवर चरफडत बसले. शेवटी धुणं धुताना दोघी बोलल्या, तेव्हा ही चलाखी उघडी पडली. माणसं हुशार खरी, पण शेजारच्याला विचारायचं त्यांना सगळ्यात शेवटी सुचतं.

अंजनाबाईंनी ठरवलं, दोन्ही काठच्या बायांनी पांढरं नेसून दिवसभर कारखान्याच्या फाटकाशी बसायचं. रस्ता तिथे डांबरी, शिवाय रोज झाडायला माणूस. धुळीचं नाव कोण घेतं ते बघू. रुख्मिणीकडे पांढरं नव्हतं. अंजनाबाईंनी मला पेटीतून काढून तिच्या हातात दिलं आणि स्वतः देवरावांचं धोतर अंगाभोवती घेतलं. रुख्मिणीच्या सासूनं कपाळ बडवलं. नवरा जिवंत असताना हे काय अभद्र, म्हणाली. तरी रुख्मिणीनं निऱ्या नीट खोचल्या.

"घरधनी गेल्यावर तं साऱ्याच नेसतात. मी ते जाऊ नये म्हणून नेसून राहिली."

मग सासूही फाटकाशी आली, तिचं तर पांढरंच होतं.

संध्याकाळी साहेबांनी आत बोलावलं. रुख्मिणीनं काही न बोलता माझा पदर त्यांच्या टेबलावर झटकला. साहेबांनी टेबलावर बोट फिरवलं, राखेनं ते काळं झालं.

एका दिवसात काही झालं नाही. कारखाना राख ओली करून खड्ड्यात पुरायला लागेपर्यंत आणखी चार वेळा पांढरं नेसावं लागलं. वामनराव अजून खोकतात, पण खोकतात ते ओट्यावर बसून, नातवंडांना रागावताना.

मी विरले, तेव्हा अंजनाबाईंनी मला मधोमध फाडलं. एका भागावर रुख्मिणी कुरडया वाळवते, दुसरा अंजनाबाईंच्या नातीचं दुपटं झालाय. धुतात मात्र आम्हांला एकाच दगडावर. आणि धुण्याआधी दोघी अजून बोट फिरवून बघतात.

तुमच्या दोरीवर पांढरं काही असेल, तर तुम्हीही फिरवा. बोट काळं झालं, तर मुकाट्यानं धुऊ नका. आधी पलीकडच्या बाईला हाक मारून विचारा, तिचंही झालं का.