तिसऱ्यांदा ओढलेला तंग

मित्रांनो, मी एक जुनं खोगीर आहे. जन्म इंग्लंडमधल्या वॉलसॉल गावचा, मुक्काम जर्मनीतल्या हॅम्बर्गचा आणि वाणी मात्र मराठी! ती कशी, ते ओघात येईलच. कीर्तनाला आधी पूर्वरंग असतो, मग उत्तररंग. माझ्या आयुष्याचंही तसंच झालं.

एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या लाकडी सांगाड्यावर लोकर भरली, वर तांबूस कातडं चढवलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं. तुमच्याकडे निरुपयोगी माणसांच्या गर्दीला खोगीरभरती म्हणतात, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. अहो, त्या भरतीमुळेच तर घोड्याची पाठ सोलवटत नाही!

मला घरी नेलं रूपर्ट हॅलोवे नावाच्या नटाने. लंडनच्या रंगभूमीवर साहेबांना दोन ओळींची कामं मिळायची. पण रिकिबीत पाय टाकला की ते राजे! सिनेमाच्या पडद्यावर मोठमोठे नट दौडत जात, तेव्हा लांबून दिसणारा स्वार पुष्कळदा आमचे साहेबच असत. टाळ्या त्यांना, घाम यांना. साहेबांनी कधी कुरकुर केली नाही.

त्यांचा एक नेम होता. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, माझ्या दोन बंदांना बकलाने अडकवतात. घोडी मोठी लबाड! तंग आवळताना श्वास भरून पोट फुगवतात, चालू लागली की पोट उतरतं आणि तंग सैल पडतो. म्हणून साहेब तंग आवळत, घोड्याला दहा पावलं चालवत, पुन्हा आवळत. आणखी दहा पावलं, आणि तिसऱ्यांदा. देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

साठी उलटली, कामं आटली. मग २००३ साली हॅम्बर्गजवळच्या एका अश्वनाट्याच्या मंडळीने त्यांना बोलावलं. भूमिका वृद्ध सरदाराची, घोडा करडा, नाव नेबेल. भरधाव दौडताना सरदाराला बाण लागे आणि साहेब एका अंगाला लोंबकळत, डोकं जमिनीपासून वीतभर. दोन हजार माणसं श्वास रोखून बसत. मग ते पुन्हा वर येत. मी तर त्यांच्या खालीच असे, तरी दर वेळी थक्क होई.

आता उत्तररंग. तिथल्या कपड्यांच्या आणि चामड्याच्या कार्यशाळेत स्नेहलता देवस्थळी काम करायची. तिचा नवरा जयंत विमानांचा इंजिनिअर. स्नेहलता टाके घालताना कीर्तनाच्या कॅसेट लावी. झांजांचा नाद, बुवांचा खडा आवाज! तीन वर्षं मी कोनाड्यात बसून ऐकत राहिलो. माझी मराठी तिथली.

२००६ च्या सप्टेंबरअखेर माझी एक शिवण उसवली. दुरुस्तीसाठी तिने मला घरी नेलं, एस-बान लोकलमध्ये मांडीवर घेऊन. दारातच जयंत म्हणाला, "अगं, घोडा कुठे बांधलास? खाली तळघरात?"

"अहो, थट्टा पुरे. उद्या खंडेनवमी आहे. हॅलोवेसाहेबांच्या पोटापाण्याचं हत्यार हेच. पूजा नको?"

"मग माझा लॅपटॉपही ठेव बाई शेजारी. तोही घोड्यासारखाच अडतो."

रात्रीच शिवण घालून झाली. सकाळी तिने मला पुसलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग खोबरेल कोमट करून माझे बंद चोळले. लेकीच्या केसांना लावावं तसं, मुरेपर्यंत, पुन्हा पुन्हा. इतकी माया मला कुणी केली नव्हती. पण मित्रांनो, जुन्या कातड्याला तेल बोटभर पुरतं. जास्त झालं की ते लोण्यासारखं मऊ पडतं, ताणतं, दोरा कुजतो. मला कळत होतं. माणसांना ऐकू जाईल अशी वाचा असती तर ओरडलो असतो!

तीन ऑक्टोबर, जर्मनीतली सुट्टी, दुपारचा प्रयोग. साहेबांनी तंग आवळला. दहा पावलं. पुन्हा आवळला. वाद्यं सुरू झाली. व्यवस्थापक म्हणाला, "चला, रूपर्ट, चला!" साहेब शांतपणे आणखी दहा पावलं चालले आणि तिसऱ्यांदा हात घातला. रोज चौथ्या भोकाशी थांबणारा बंद सहाव्यापर्यंत आला. बोटाला तेल लागलं. त्यांनी एकच हिसका दिला, आणि बंदाचे टाके तटातट तुटले.

हेच रिंगणात, भर दौडीत झालं असतं तर?

साहेबांनी मला हळूच खाली ठेवलं आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस नेबेलच्या उघड्या पाठीवर चढून प्रकाशात गेला. आयाळ मुठीत धरून दौडला. बाण लागला तेव्हा नेबेल आपणहून गुडघ्यांवर बसला, आणि सरदार त्याच्या मानेवर निजला. एकही टाळी नाही. लोक उभे राहिले होते.

बाहेर व्यवस्थापक कडाडला, "तबेल्यातल्या कुणी हा उद्योग केला?"

स्नेहलता पुढे आली. "तबेल्यातल्या कुणी नाही. मी केला. पूजा होती आमची."

साहेबांनी तिला खाली बसवलं. "अठ्ठावीस वर्षं हे माझा भार वाहतंय. याला फूल वाहावं, असं मलाही सुचलं नाही," ते म्हणाले. "पण फ्राउ देवस्थळी, देवाला काय चालतं ते आधी विचारायचं, मग नैवेद्य. नवे बंद तुम्हीच शिवा."

तिने शिवले. त्या बंदांवर साहेब आणखी तीन वर्षं दौडले. मायदेशी परतताना मला त्यांनी तिच्याच हाती सोपवलं.

आता मी तिच्या घरी लाकडी घोडीवर असतो. खंडेनवमीला ती मला बोटभर मलम लावते, तंग आवळते, खोलीत दहा पावलं चालते, पुन्हा आवळते.

"अगं, लाकूड काही पोट फुगवत नाही!" जयंत हसतो.

"लाकडाचं नाही हो, माझंच फुगतं. मला सगळं कळतं असं वाटलं की फुगतं."

मित्रांनो, जीव लावा, पण ज्याला लावायचा त्याला काय सोसतं तेही विचारा. ती बघा, दहा पावलं चालून परत आली. तिसऱ्यांदा हात घालते आहे.

चौथं भोक. आता फूल.