दोघांचं जातं

दाल्ल्याला दळायला बसवणारी अख्ख्या हिर्डोशीत मी पयलीच. शेजारची ठकुबाई दारातनं वाकून म्हनली, "काय गं सगुणे, आता धन्याला लुगडंबी नेसव की!" म्या म्हनलं, "तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई? डागदरनं सांगितलंय म्हून बसवलंय. जा, तुझी चूल बघ."

आदल्या हिवाळ्यात आमचं धनी हिरडं झोडताना झाडावरनं मानंवर आपटलं. पाय गेलं ते गेलंच. हात कोपरात वाकायचं, पन सरळ करायला जोर न्हाई. पुण्याच्या डागदरनं कोपरामागचं मांस चाचपून बघितलं आन् म्हनला, "बाई, हे मेलेलं नाही. थोडं हलतंय. जे हलतं त्याला रोज ढकलायचं काम दिलं, तर जोर वाढू शकतो." हात सरळ ठरला तर त्यावर भार देऊन धन्यांना आपलं आपलं सरकता येईल, असंबी सांगितलं. धन्यांनी तेवढंच मनात धरलं. परसाकडंला त्यांना लेकरावानी उचलून न्यावं लागायचं, त्याची मरनाची लाज. "एवढं एक जमलं तर मला काईच नको गं," म्हनायचं.

ढकलायचं काम म्हंजी जातं. भिंतीला वाकळ लावून त्यांना टेकवलं, बोटं धरत न्हाईत म्हून फडक्यानं हात खुंट्याला बांधला आन् समोर मी बसले. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं ओढायचं.

पयल्या दिवशी त्यांना घाम फुटला, मानंच्या शिरा फुगल्या, पन जातं जागचं हललं न्हाई. त्यांच्या डोळ्यांत पानी आलं. मला बघवंना. म्या हळूच जोर लावला. जातं घरघरलं, आन् धनी कसं हसलं म्हनून सांगू! पडल्यापासनं पयल्यांदाच. मग रोज तेच. नाचनी मीच दळायची, त्यांचा हात खुंट्यासंगं नुसता फिरायचा.

"आज हलकं वाटतंय," ते म्हनायचं.

"जोर वाढलाय तुमचा," मी म्हनायची. जीभ कशी झडली न्हाई माझी!

वरीस भरत आलं, भात कापून झालं, तवा दिरांनी त्यांना झोळीतनं सडकेवर आनलं, तिथनं एसटीनं पुण्याला. धन्यांनी वाटंत कंडक्टरलाबी सांगितलं, "मी दळतो!"

डागदरनं कोपर धरलं. "ढकला, रखमाजी." धन्यांनी दातओठ खाल्लं. हात होता तिथंच.

"रोज दळत होता?"

"रोज. विचारा हिला."

डागदरनं माझ्याकडं बघितलं. म्या व्हय म्हून मान हलवली.

"एवढं करून वाढ नाही, म्हणजे यापुढं येईलसं वाटत नाही," डागदर म्हनला. "उगा जीव दमवू नका आता."

"बरं," धनी म्हनलं. मग माझ्याकडं वळून म्हनलं, "तुला जलमभर उचलावं लागनार गं मला." माझी माफी मागत होतं ते. माझी!

गप बसले असते तर कुनाला कळलं असतं? पन ती माफी मला पचंना. "डागदर, ह्यांनी दळलंच न्हाई," म्या म्हनलं. "समदं मी ओढलं. रोज. ह्यांचा हात नुसता बांधलेला होता."

डागदरनं कोपर परत चाचपून बघितलं. मग म्हनला, "बाई, पहिल्या वर्षात जेवढं येतं तेवढं नंतर येत नाही. उशीर झालाय. पण करून बघा."

परतीच्या वाटंला धनी खिडकीबाहेर बघत बसलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. करायला गेले गणपती आन् झाला मारुती, आता कुनाला सांगू? घरी आल्यावर धनी म्हनलं, "फडकं बांध आन् भायेर जा."

तवापासनं ते दळायला बसलं की मी ओट्यावर बसते, दोन्ही हात काखंत दाबून. आत धन्यांची धाप ऐकू येती. जातं मातर मुकं. उठावं, जरासा हात लावावा, असं लई वाटतं. पन उठत न्हाई.

आज सकाळी दगडावर दगड खरकन् सरकला. एकदाच.

"ऐकलंस का गं?" धन्यांनी आतनं हाक मारली.

"ऐकलं," म्या म्हनलं, आन् तोंडात पदर कोंबला. हा आवाज कवाच यायचा होता. त्यांचं सोन्यासारखं वरीस मीच दळून खाल्लं.