पूर्वेला तोंड, भिंतीला पाठ

सोसायटीच्या कॉम्प्युटरला देवपण दिलं ते केशोरावांनी. दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका गावात धान खरेदीची सोसायटी आहे, तिचे ते व्यवस्थापक. माणूस सरळ, कामाला वाघ, पण मशीन म्हटलं की हात जोडणारा. कॉम्प्युटर आला त्याच दिवशी त्यांनी त्याचा सीपीयू टेबलाखाली पाटावर बसवला. तोंड पूर्वेला, पाठ भिंतीला. मध्यंतरी दुरुस्तीला आलेल्या एका माणसानं तो उत्तरेकडं फिरवून ठेवला आणि त्याच आठवड्यात गोदामात पावसाचं पाणी शिरलं. पत्रा गंजून फुटला होता हे साऱ्या गावाला दिसत होतं, पण केशोरावांच्या लेखी गुन्हेगार एकच. तेव्हापासून मशीनला हात लावायचा तर त्यांना विचारून.

त्या मशीनवर खुशबू बसायची. तिच्या घरातून खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच. आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या बांधीत धान रोवून म्हातारे झाले. ही नोकरी तिला कुणाच्या चिठ्ठीनं मिळाली नव्हती, टायपिंगच्या परीक्षेत ती सगळ्यांच्या पुढं गेली म्हणून मिळाली होती. एरवी तिच्या वस्तीकडं न फिरकणारे शेतकरी हंगामात तिच्या खुर्चीमागं कागद धरून उभे राहत आणि म्हणत, मॅडम, माझं नाव लागलं का पाहा ना. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडायचं.

एकच कटकट होती. अंगठ्याचं मशीन जुनं, त्यात गोदामातली धानाची धूळ. ते दिवसातून अनेकदा झोपी जायचं आणि वायर काढून परत लावल्याशिवाय जागं व्हायचं नाही. वायर लावायच्या खाचा सीपीयूच्या पाठीला, आणि पाठ भिंतीला. तोंडाकडं दोन खाचा होत्या, पण त्या कधीच्याच मेलेल्या. कंपनीनं फसवलं, असं सगळे म्हणत. मग खुशबू खुर्ची मागं सारायची, टेबलाखाली रांगत शिरायची, भिंतीशी हात घालून चाचपडायची आणि केसात जाळी-जळमटं घेऊन बाहेर यायची. रांगेतली माणसं तोवर टेबलाखाली बघत उभी. पण वाकणं तिच्या रक्तातच होतं, तिनं कधी कुरकुर केली नाही.

यंदा उन्हाळ्यात सडक अर्जुनीजवळ हायवेवर एका ट्रकनं खुशबू आणि तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलला कट मारला. गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला, लोकेशला, खरचटण्यावर निभावलं. मागं बसलेल्या खुशबूचं खुब्याचं हाड मोडलं. आत रॉड बसला, हातात काठी आली. डॉक्टरनं बजावलं, "खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. पुन्हा सरकलं तर माझ्याकडं रडत येऊ नका."

दिवाळीच्या तोंडावर, खरेदी सुरू व्हायच्या आधी नोंदण्यांची गर्दी उसळते. तेव्हा ती कामावर परतली. आल्या आल्या तिची नजर टेबलाखाली गेली. खुर्ची होती तिथंच होती, पण त्या खुर्चीवर बसायचं तर खाली शिरता आलं पाहिजे, हे तिला त्या क्षणी कळलं.

लोकेश हुशार गडी. त्यानं गोंदियातून लांब वायरची एक पट्टी आणली, चार खाचांची. एक टोक खाली सीपीयूच्या पाठीत, पट्टी वर टेबलाच्या कडेला टेपनं चिकटवलेली. "आता बस राणीसारखी," तो म्हणाला. ती एक दिवस बसलीही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मुकी. जमिनीवरून गेलेली वायर उंदरांनी रात्रीतून कुरतडून ठेवली होती. धानाच्या गोदामात उंदीर असणारच. धान सोडून वायर खायचा शहाणपणा त्यांना कुणी शिकवला, ते तेच जाणोत.

बाहेर रांग लागलेली. सगळ्यात पुढं सुशिलाबाई, अंगठा पुढं करून. अंगठ्याचं मशीन मेलेलं. खुशबूनं इकडंतिकडं पाहिलं, काठी भिंतीला टेकवली आणि डॉक्टरचं बोलणं गुंडाळून ठेवून खाली गेली. वायर जुन्या जागी लागली. पण तिला उठता येईना. एका हातानं टेबलाचा पाय धरून ती तशीच बसली, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. शेवटी सुशिलाबाईंनी आणि आणखी एकीनं काखेत हात घालून तिला वर काढलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं तिला वाटलं.

केशोराव धावत आले. "बेटा, कायले शिरली खाली? हाडाचं काही झालं असतं तं मी लोकेशले काय तोंड दाखवलं असतं?" त्यांनी तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडं वळवला, आणि मग हळूच म्हणाले, "तू बाहेर टोकन वाट. सावलीत खुर्ची टाकून देतो. सोमवारपासून मशीनवर आपला चंद्रकुमार बसन."

चंद्रकुमार म्हणजे त्यांचा पुतण्या. पोरगा वाईट नव्हता. केशोरावही वाईट नव्हते, हेच तर अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येतं, मायेनं बाजूला सारणाऱ्याशी काय भांडणार? टोकन वाटायला कुणीही चालतं, आणि एकदा बाहेरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पुन्हा आत कोण बोलावतं? खुशबूला रडू आलं नाही, राग आला. आपल्या पायाचा आला, उंदरांचा आला आणि त्या पाटावर बसलेल्या डब्याचा सगळ्यांत जास्त.

"काकाजी," ती म्हणाली, "मशीन टेबलावर ठेवू ना. पाठ माह्याकडं."

"नाई. फिरवाचं नाव नको काढू. मागं फिरवलं तं काय झालं, तुले माहीत आहे."

तिच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पूर्व-पश्चिम काही नाही. दर दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर असायची, त्यामुळं इकडं या डब्याची कशी पूजा होते हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पण पूजा होते एवढं ठाऊक होतं. तिनं खाली पाहिलं. पाटाशेजारी तिच्या चपला काढलेल्या होत्या.

"काकाजी, एक विचारू? तुमच्या घरी देव कुठं ठेवला आहे?"

"देव्हाऱ्यात. काऊन?"

"टेबलाखाली काऊन नाई ठेवला?"

"पागल झाली का तू? लोकाईच्या पायापाशी देव ठेवतेत का कोणी?"

"मग ह्याले काऊन ठेवलं? दसऱ्याले ह्याच्यापुढं नारळ फोडता, अन् बारा महिने ह्याच्या तोंडापाशी माह्या चपला. मी रोज ह्याच्याकडं पाय करून बसून राहिली, तुम्ही पाहून राहिले."

केशोरावांनी चपलांकडं पाहिलं. मग मशीनकडं. मग पुन्हा चपलांकडं. इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानात आलं नाही, याचा धक्का त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. खुशबूला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपण आपली पोळी भाजून घेतोय का? पण ती बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं.

"वर ठेवलं तं," ते घसा साफ करत म्हणाले, "तोंड पूर्वेलेच राहीन ना?"

"पूर्वेलेच. ते नाई फिरत. टेबल पुढं घेऊ, अन् मी भिंतीकडून बसते. त्याचं तोंड दरवाज्याकडं, पाठ माह्याकडं."

केशोरावांनी डोळे मिटून हवेत बोटानं दिशा आखल्या. पूर्व, दरवाजा, भिंत, टेबल. हिशोब जुळला. जुळला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनीच आधी बाह्या वर सारल्या.

रविवारी गोदाम बंद होतं. लोकेश आणि चंद्रकुमार यांनी टेबल भिंतीपासून ओढून माणूस आरामात बसेल एवढी जागा केली. सीपीयू वर उचलला तेव्हा त्याच्या पाठीतून मूठभर कोंडा सांडला. केशोरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याचं तोंड स्वतः पुसायला घेतलं. त्या दोन मेलेल्या खाचांपाशी त्यांचा हात थांबला. नखानं खरवडल्यावर लाल खपली निघाली, आणि खपलीत एक तांदळाचा दाणा.

"हे काय गा?" ते म्हणाले.

खुशबू वाकू शकत नव्हती, पण आता वाकायची गरजच नव्हती. मशीन तिच्या नाकासमोर होतं. तिनं पाहिलं आणि ओठ दाबले. "अक्षता आहेत, काकाजी. ओलं कुंकू अन् अक्षता."

"म्हणजे कंपनीनं नाई..."

"तुम्ही ह्याले दर दसऱ्याले तांदूळ चारले."

आधी चंद्रकुमार फिसकन हसला, मग लोकेश. केशोरावांनी नखातला दाणा न्याहाळला, आणि मग ते असे हसले की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. खुशबूही हसली. दवाखान्यातून आल्यापासून पोटभर हसणं तिला आठवतच नव्हतं. पुढच्या वर्षीपासून टिळा टेबलाच्या लाकडाला लावायचा, हे तिथल्या तिथं ठरलं. त्या खाचा मात्र गंजल्या होत्या, त्या काही जिवंत झाल्या नाहीत.

सोमवारी केशोरावांनी बाहेर सावलीत एक खुर्ची टाकली. कुणासाठी, ते बोलले नाहीत. चंद्रकुमार दारात घुटमळत उभा राहिला. खुशबू भिंतीकडून आत गेली, काठी बाजूला ठेवली आणि खुर्चीवर बसली. आतापर्यंत ती भिंतीकडं तोंड करून बसायची, लोक पाठीमागं. आज सगळी रांग समोर. माणसं इतकी असतात आणि इतकी दमून आलेली असतात, हे तिनं इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं.

पहिल्या नोंदण्या सुरळीत झाल्या. मग अंगठ्याचं मशीन नेहमीप्रमाणं झोपलं. सवयीनं सगळी रांग टेबलाखाली बघू लागली. चंद्रकुमार पँट गुडघ्यावर ओढत पुढं धावला. केशोरावांनी तोंडातल्या तोंडात काही म्हटलं.

खुशबूनं बसल्या जागी हात लांबवला. सीपीयूच्या पाठीतली वायर उपसली, फुंकर मारली, परत खोचली. पडद्यावर हिरवी खूण आली. एवढंच.

रांगेत आता पुढं सुशिलाबाई होत्या, मागच्या वेळी तिला वर काढणाऱ्या; त्या गोंधळात त्यांची नोंद राहूनच गेली होती. त्यांनी टेबलाखालून मान काढली. "झालं बी? तू तं उठली बी नाई, माय!"

"नाई उठली, मावशी. द्या अंगठा."

दारातून केशोराव ओरडले, "चंद्रकुमार! तिथं कायले उभा आहेस? बाहेर खुर्ची रिकामी आहे. टोकन वाट!"

सुशिलाबाईंनी अंगठा टेकवला. खुशबूनं त्यांचं नाव पडद्यावर आणलं, ठळक अक्षरात, आणि रांगेकडं मान वर करून म्हणाली, "पुढचे कोण आहेत? या."