नखं दाखवा

मला लहान मुलांची किळस येत नाही. त्यांच्या आईबापांची येते.

बत्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. आता निवृत्त आहे, पण दरवर्षीच्या हस्तकला स्पर्धेला मुख्याध्यापिका मलाच परीक्षक म्हणून बोलावतात. नियम सोपे आहेत. घरच्या रद्दीचा लगदा करून कागद बनवायचा, खोडरबर कोरून शिक्के करायचे आणि ते कागदावर उमटवून शुभेच्छापत्र तयार करायचं. पोरानं बोट कापून घेऊ नये म्हणून मोठ्यांनी शेजारी बसावं, हात मात्र लावू नये. वाचायला दोन मिनिटं लागतात. हे पाळणारे आईबाप अजून जन्माला यायचे आहेत.

यंदा सभागृहात शिरले तर टेबलांमागे मुलं, मुलांमागे आया, आयांमागे बाप, आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच साळसूद हसू. पहिल्याच टेबलावर सहा वर्षांचं एक गुटगुटीत पोर बसलं होतं. समोर पत्र, त्याला चारी बाजूंनी जाळीची किनार.

"सगळं यानं एकट्यानं केलं हो," आई म्हणाली. "मी नुसती बघत होते."

"लगदा कशाचा केलास रे?" मी त्याला विचारलं.

त्यानं आईकडे पाहिलं. आई ओठ हलवून उत्तर पुरवायला लागली. "लगदा म्हणजे काय?" असं म्हणून त्यानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. तेवढं एक काम तरी त्यानं एकट्यानं केलं होतं.

पुढचं टेबल दातांच्या डॉक्टरांच्या मुलीचं. तिच्या शिक्क्यातल्या जहाजाला शिडांच्या दोऱ्यासुद्धा होत्या. त्या कशानं कोरल्या हे मला कुणी सांगायला नको. गेल्याच वर्षी त्याच हत्यारानं माझी दाढ कोरली होती.

माझी एक युक्ती आहे आणि तिचा मला भलताच अभिमान होता. मुलांना म्हणायचं, "नखं दाखवा." ज्यानं स्वतः शिक्के मारले त्याच्या नखांत शाई असतेच, चार-चार दिवस निघत नाही. नखं स्वच्छ, म्हणजे काम आईबापांचं. त्या दिवशी एकवीस मुलांपैकी सतरा जणांची नखं चकचकीत निघाली. सतरा! मला शिसारी आली. पोटच्या पोराला चारचौघांत खोटं बोलायला लावायचं आणि वर बक्षीस मिळावं म्हणून माना उंच करून उभं राहायचं. यांना लाज कशी वाटत नाही?

शेवटच्या टेबलावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी एकटीच बसली होती. मागे कुणी नाही. तिचं पत्र मी उचललं आणि उचललेलंच राहिलं. झाडाच्या पानांची एक ओळ वरून तिरकी खाली येत होती. पहिलं पान गर्द हिरवं, पुढचं थोडं फिकं, त्यापुढचं आणखी फिकं, आणि सातवं जेमतेम दिसणारं, वाऱ्यानं नेलेलं. एकदाच शाई लावून सात वेळा शिक्का मारला होता. कुठे डाग नाही, कडेला रबराची रेघ नाही.

"कोणी केलं?"

"मी." मग तिनं लगेच विचारलं, "बाई, हे भिंतीवर लागेल ना? रविवारी बाबा बघायला येणार आहेत."

"नखं दाखव."

तिनं दोन्ही हात पुढे केले. दहाही नखं स्वच्छ.

"बाबा काय करतात?"

"शिक्के बनवतात. रबरी. दुकान आहे आमचं."

मी हसले. ते हसू आठवलं की आता माझीच मला किळस येते.

"पण बाई, मी आधी नखं—"

"पुरे. बापाचं काम आणि नाव लेकीचं. वर खोटं बोलतेस?"

ती रडली नाही. पत्र माझ्या हातातून घेतलं, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवलं आणि दप्तरात सरकवलं. मी यादीत 'अपात्र' लिहिलं. मुख्याध्यापिकांना म्हणालेसुद्धा, "गप्प बसली बघा. खाई त्याला खवखवे."

भिंतीवर लावायच्या पत्रांसाठी मी एक खास शिक्का सुचवला होता, 'स्वहस्ते केले'. शाळेच्या शिपायानं तो कुठेतरी बनवायला टाकला होता. शनिवारी पावती घेऊन मीच आणायला गेले. बोळातलं अरुंद दुकान, आत रबराचा वास, गल्ल्यामागे एक किरकोळ माणूस. त्यानं पावती पाहिली, म्हणाला, "बसा बाई, फक्त मुठीला चिकटवायचा राहिलाय. एकदा उमटवून बघतो आणि देतो."

कामाला हात लावण्याआधी त्यानं साबणाची वडी घेतली आणि दहाही नखं तिच्यावर खरवडली.

"हे काय करताय?"

"नखांत साबण बसला की शाई शिरत नाही. काम झालं की हात धुवायचे, नखं कोरी. कागदाला डाग लागायची भीती नाही." तो हसला. "आमच्या पोरीला तर तीन वर्षांची असल्यापासून ही सवय. साबण लावल्याशिवाय शिक्क्याला शिवायची नाही."

तो शिक्का मुठीला चिकटवत होता, मी त्याची नखं बघत होते. तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि तीच मुलगी बाहेर आली.

मला पाहून ती थबकली, आत गेली, आणि एक पत्र घेऊन परत आली. आधी तिनं मी न विचारताच दोन्ही हात गल्ल्यावर ठेवले. दहाही नखं हिरवीगार.

"नवीन केलंय, बाई. साबण लावलाच नाही."

पत्रावरची पानं वेडीवाकडी पडली होती. एक अर्धं, एक फरफटलेलं, कडेला रबराच्या रेघा, कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा.

"बघा ना," वडील म्हणाले. "असलं गचाळ काम हिनं जन्मात केलं नव्हतं. विचारलं तर म्हणते, शाळेत असंच लागतं."

म्हणजे पोरीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं.

"आणि आधीचं?" मी विचारलं. "ते पानांचं?"

"ते भिजवलं," मुलगी म्हणाली. "त्याचाच हा कागद."

मी पत्र उजेडात धरलं. कागदात हिरवे कण होते, काही गर्द, काही फिके. सातवं पान कुठे गेलं ते शोधायचं काम नव्हतं.

ज्या आईबापांची मला शिसारी आली होती, त्यांनी फार तर दुसऱ्याचं चांगलं काम आपलं म्हणायला शिकवलं असेल. मी या पोरीला स्वतःचं चांगलं काम बिघडवायला शिकवलं. आणि तेही चार दिवसांत. बत्तीस वर्षं शिकवलंय ना मी.

"मी चुकले," मी म्हणाले. बापासमोरच म्हणाले. "ते पत्र हिचंच होतं, दादा. मी हिला खोटारडी ठरवलं. ऐकूनसुद्धा घेतलं नाही."

हातातला शिक्का त्यानं पुसला, शाईच्या गादीशेजारी ठेवला आणि लेकीकडे पाहत राहिला.

मुलीनं मात्र माझ्या माफीकडे लक्षच दिलं नाही. तिला दुसरीच काळजी होती. तिनं ते पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"मग याच्यावर माराल ना? उद्या रविवार आहे."

मी 'स्वहस्ते केले' उचलला, शाईवर टेकवला आणि पत्राच्या खालच्या कोपऱ्यात दाबला. उचलला तर अक्षरं दुहेरी उमटलेली, कडेला रबराची रेघ, आणि माझ्या तर्जनीच्या नखात शाई.

तिनं वाकून ठसा नीट पाहिला. मग माझं बोट पाहिलं.

"हलला, बाई," ती म्हणाली. "पण असू दे. तुम्हीच मारलाय असं वाटतं."