खालच्या वेटाळाचं पाणी

जानराव तायडे यांनी एकोणतीस वर्षं गावाला नळ सोडला. खारपाणपट्ट्यातलं गाव. बोअरच्या पाण्यानं चहासुद्धा नासतो, म्हणून लांबच्या धरणातून पाइपनं येईल तेच प्यायचं. गावातली निम्मी लाइन जानरावांनी स्वतःच्या हातानं टाकलेली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी काम सोडलं, पण कुठं लाइन अडली की ग्रामपंचायत अजून त्यांनाच विचारायची, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्यांची सून शालू बारावी झालेली. पाणी तपासायला गावातल्या पाच बायका निवडल्या, त्यांत ती होती. अकोल्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ती पेटीभर बाटल्या घेऊन आली.

"पाणी डोयानं दिसते ना," जानराव म्हणाले. "बाटल्या कायले?"

"जे डोयाले दिसत नाई त्याच्यासाठी हायेत मामाजी."

त्या वर्षी मार्चमध्येच धरणाचं पाणी खाली गेलं. चार दिवसांनी येणारा नळ नऊ दिवसांवर गेला. त्यातच पाच वर्षांत साठ घरं वाढली होती. उतारावरच्या खालच्या वेटाळातली, म्हणजे खालच्या वस्तीतली, तीन लेकरं एका आठवड्यात सलाइनवर गेली. लोक म्हणाले, ऊन लागलं.

नळ आला त्या दिवशी शालूनं तीन ठिकाणचं पाणी भरलं: टाकीखालचं, चौकातलं आणि खालच्या वेटाळातल्या चंदाच्या नळाचं. बाटलीतलं पाणी काळं झालं तर ते दूषित, असं तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकीचं आणि चौकातलं जसंच्या तसं राहिलं. चंदाचं पार काळं पडलं.

"एखांदी बाटलीच खराब असंन," जानराव म्हणाले.

"दोन-दोन भरल्या होत्या. दोन्ही काया झाल्या."

ती सरपंच गजेंद्रकडे गेली. गजेंद्र माणूस वाईट नव्हता, पण त्याला गावात गोंधळ नको होता. अकोल्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवू, रिपोर्ट येईपर्यंत नळ नेहमीसारखा सोडू, असं तो म्हणाला. शालू म्हणाली, "नमुना पाठवा. पण खालच्या वेटाळाचा व्हॉल्व्ह उघडू नोका. माह्या घरचं लेकरू असतं तं मी उघडू देल्ला नसता." गजेंद्र नमुना पाठवायला तेवढा तयार झाला.

घरी आल्यावर ती ओसरीवर नुसती बसून राहिली. जानरावांनी विचारलं, "पण मले एक सांग. पाणी पाइपातून बाहेर येते. घाण आत जाईन कशी?"

"पाइप भरलेला असते तवा नाई जात. पण नळ बंद केला का उतारानं सगळं पाणी खाली पयते अन् मागं पाइप रिकामा होते. तवा फटीतून बाहेरचं आत ओढल्या जाते. आधी चार दिवस रिकामा राहे, आता नऊ दिवस रायते. बाजूनं नाली असली तं नालीचंच पाणी."

जानरावांना ती लाइन आठवली. चौकातून खालच्या वेटाळाकडे जाणारा एकच पाइप होता, आणि नाली त्याच्यावरूनच गेली होती. शिवाय त्या जागी एक जोड होता. आठ वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात तिथं पाइप फुटला, जोडायचं कपलिंग मिळालं नाही, तेव्हा त्यांनी रबरी ट्यूब गुंडाळून तारेनं आवळली होती. नंतर नीट करू म्हटलं, आणि पुढच्या वर्षी वरून सिमेंटची नाली झाली. कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी ते काठी घेऊन उठले. "चाल," ते सुनेला म्हणाले. "सरपंचाकडं जाऊ."

गजेंद्रच्या अंगणात चार माणसं बसली होती. त्यांच्या देखत जानराव उभ्यानं बोलले. "खालच्या लाइनीवर माहा एक जोड हाय. ट्यूब बांधून काम भागवलं होतं. वरून नाली झाली तवाबी मी बोललो नाई. पोरगी खरं सांगून राहिली. नाली फोडा."

मग गजेंद्र म्हणाला, "काका, तुमी सांगता तं फोडू."

माणसं जमेपर्यंत पुढचा नळाचा दिवस उजाडला. नळ आला, पण खालच्या वेटाळाचा व्हॉल्व्ह बंद राहिला. चाळीस घरं कोरडी. चंदा सकाळीच शालूच्या दारात आली आणि तावातावानं बोलली. शालूनं तिला काळी पडलेली बाटली दाखवली. चंदानं ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मग ती वरच्या वेटाळात गेली आणि घराघरातून दोन-दोन घागरी मागून आणल्या. दुपारी माणसांनी नालीचा तुकडा फोडला. जानराव काठावर बसून कुठं खणायचं ते सांगत होते. हातभर खाली जोड लागला. तार गंजून तुटली होती, ट्यूब कुजली होती, आणि फटीत नालीचा काळा गाळ भरला होता.

जुन्या जागी दुरुस्ती करायला शालूनं नकार दिला. "नाली अन् पाणी एका खड्ड्यात नोको." रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, नालीहून उंचावर नवा पाइप टाकला. पुढच्या नळाला चंदाच्या घरची बाटली दोन दिवस ठेवली. रंग बदलला नाही. तोवर तिन्ही लेकरं अंगणात खेळायला लागली होती.

मे महिन्यात अकोल्याला बारा गावांच्या बायकांपुढं बोलायला शालूला बोलावलं. जानराव हट्टानं सोबत गेले आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. एका इंजिनिअरनं विचारलं, "उद्या नळ पंधरा दिवसांवर गेला तर?"

"जाईनच," शालू म्हणाली. "धरण तेवढंच हाय, घरं वाढून राहिली. म्हणून नाली जिथं जिथं पाइपाले ओलांडते, त्या जागा आताच कागदावर घ्या. आमच्या गावात अशा सात निघाल्या. चार ठिकाणचा पाइप हलवला, तीन ठिकाणचा पावसाच्या आधी हलवू. ज्या माणसानं लाइन टाकली त्याले विचारा. त्याले माहीत असते."

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं जानरावांकडे वळून विचारलं, "कोणाची पोरगी हो हे?"

"माही सून," जानराव म्हणाले, आणि नीट ऐकू यावं म्हणून खुर्ची पुढं ओढून बसले.