कुंदाच्या फोटोचा कागद

आमची वाटणी होऊन घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, ते साल एकोणीसशे एकोणनव्वद. भिंत घातली तरी वरचं धाबं एकच राहिलं, कारण मातीचं छप्पर मधून कापता येत नाही. शेतातली विहीर माझ्या वाट्याला आली. चिठ्ठी माझा थोरला भाऊ तोताराम याने स्वतःच्या हाताने उचलली होती. तरी त्या दिवसापासून तो विहिरीवरून कधी गेला नाही, लांबचा वळसा घालून शेतात जायचा.

पुढच्या वर्षी माझी मुलगी कुंदा फैजपूरला बारावीत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिने दिल्लीच्या परीक्षेचा फॉर्म भरला. एका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक खरं, आणि सगळ्याला तीन तास. सकाळी ती ओट्यावर जुने प्रश्न सोडवायला बसायची. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, घड्याळही कळत नव्हतं. ती घड्याळाच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवायची. मोठा काटा तिसऱ्यांदा कुंकवावर आला की मी म्हणायचो, "ठेव पेन."

"नाना, दोनच राह्यले."

"तठी साहेब थांबतीन का तुह्या दोनासाठी? ठेव."

फीसाठी एका बागेच्या केळीचे सगळे पैसे पोस्टात टाकले होते. त्यांना हात लावायचा नाही, असं माझ्या बायकोने, बेबाबाईने, सगळ्या घराला बजावलं होतं.

परीक्षेला बसायचं पत्र टपालाने येणार होतं. पत्र कोणाचंही असो, पोस्टमन ते तोतारामभाऊच्या ओट्यावर द्यायचा, अशी आमच्या गल्लीची पद्धत. थोरांमध्ये वाचता येणारा तो एकटाच. वाटणी झाली, पण ही पद्धत मोडली नाही. मोडावी असं कोणाला सुचलंही नाही.

कुंदा रोज भिंतीपलीकडे जाऊन विचारायची, "आबा, आलं का माझं?"

"आलं असतं तं मी खाल्लं असतं का?" भाऊ म्हणायचा, आणि हसायचा.

परीक्षेचा दिवस आला आणि गेला. पत्र आलं नाही. बारावीचे मार्क चांगले पडले, पण इथल्या डॉक्टरकीच्या कॉलेजला थोडे कमीच.

पावसाआधी धाब्यावर नवी माती टाकायची होती. त्या दिवशी भाऊ जळगावला गेला होता. हिलाल नावाचा मजूर भाऊच्या बाजूची कुजलेली फळी काढत होता. त्याने वरून हाक मारली, "नाना, आठी तुमच्या पोरीचा फोटो हाये."

तुळई आणि फळी यांच्यामध्ये घडी करून कागद खोचलेला होता. त्यावर कुंदाचा फोटो चिकटवलेला, फोटोवर अर्धा शिक्का. मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही. फोटो मात्र ओळखला, परीक्षेच्या फॉर्मसाठी तो फैजपूरला मीच काढून आणला होता.

भांडलो असतो तर गाव गोळा झालं असतं, भाऊने "ध्यानात राह्यलं न्हाई" म्हटलं असतं, आणि दोन दिवसांत प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. मी कागद पेटीत ठेवला आणि संध्याकाळी कुंदाला म्हणालो, "मले शिकव." तेव्हा माझं वय बावन्न.

तिने वर्षभर शिकवलं. मग पोस्टातल्या पैशांवर ती धुळ्याला डी.एड.ला गेली आणि सोनगीरच्या शाळेत लागली. मी ओट्यावर बसून रोज मोठ्याने पेपर वाचायला लागलो. भाऊची नजर अधू होत गेली. गल्ली पत्रं घेऊन माझ्याकडे यायला लागली. वना हा नवा पोस्टमन तर सगळं टपाल माझ्याच मांडीवर ठेवायचा.

पंच्याण्णव साली भाऊचा मुलगा अभिमन बारावी झाला. मार्क बेताचे, म्हणून खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजातली पैसे भरून मिळणारी जागा धरायची ठरली. भाऊने त्यासाठी सव्वा एकर विकलं आणि पैसे तयार ठेवले. एवढं कॉलेजचं पत्र यायचं होतं.

पत्र आलं. मी वाचलं. आठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला दिली जाईल, असं लिहिलं होतं. मी ते पेटीत कुंदाच्या कागदावर ठेवलं.

बेबाबाई म्हणाली, "पोराचं काय चुकलं?"

"पोरीचं काय चुकलं व्हतं?"

अभिमन रोज यायचा.

"नाना, माझं पत्र?"

"आलं असतं तं मी खाल्लं असतं का?"

पलीकडच्या ओट्यावर भाऊ बसलेला असायचा. आपलेच शब्द त्याला ओळखता आले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओट्यावर गेलो आणि अक्षरांखाली बोट धरून अख्खं पत्र त्याला वाचून दाखवलं. तारीख दोनदा वाचली.

"ही तं काल व्हती," भाऊ म्हणाला.

"हो. काल."

मग दुसरा कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. अक्षरं त्याला आता दिसत नव्हती. फोटो त्याने डोळ्यांजवळ धरला.

"विहीर तुले गेली," तो म्हणाला. "डॉक्टरकी बी तुलेच जावी का?"

"मंग फाडला का न्हाई?"

"सरकारी शिक्का व्हता त्याच्यावर."

आमच्याकडे शिक्क्याचा कागद कोणी फाडत नाही. मीही फाडला नव्हता.

दिवाळीला कुंदा आली तेव्हा तिला सगळं सांगून दोन्ही कागद दाखवले. तिने स्वतःचा फोटो पाहिला, शिक्क्याची गोष्ट ऐकली आणि हसायला लागली. हसू थांबेना, तेव्हा बेबाबाईने तिला पाणी दिलं. जाताना तिने आपला कागद नेला. अभिमनचं पत्र माझ्याकडेच राहिलं.

अभिमन केळीच करतो. माझ्याशी बोलत नाही. त्याने बोलावं असं मी कधी म्हटलं नाही. जे केलं ते मला आजही बरोबर वाटतं.

तोतारामभाऊ एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारला. खांदा मी दिला. कुंदा आली नाही.