सॅम्पल फ्लॅटमधली आई

उपनगरात घर घ्यायला जाणाऱ्या माणसाने नळ सोडून बघावेत, भिंतीवर टिचकी मारून बघावी, बसच्या वेळा ड्रायव्हरलाच विचाराव्यात आणि बागेतल्या बाकावर एखादी गोड म्हातारी बसलेली दिसली, तर तिच्यापासून चार हात लांब राहावं. लोक नेमकं उलटं करतात. नळाला हात लावत नाहीत आणि म्हातारीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवतात.

शहर मागे पडून बराच वेळ झाला की लागते अशा एका कॉलनीत ही म्हातारी होती. चार इमारती, मधे बाग, बागेत एक बाक. फ्लॅट विकणारा एजंट गिऱ्हाइकांना आधी बाग दाखवायचा, मग सहज दिसल्यासारखं करून बाकाजवळ थांबायचा.

"काय काकू, तब्येत बरी ना?"

"तुमच्या कृपेने बरी आहे, साहेब," म्हातारी म्हणायची.

हे साहेब तिच्या पोटचे.

नवरा गेल्यावर तिची शहरातली खोली मुलाने विकली आणि त्या पैशातून ऑफिस थाटलं. ती त्याच्याकडेच राहायची असं ठरलं होतं. पण सामान बांधून झाल्यावर सूनबाई म्हणाली, दोन खोल्यांत आणखी एक माणूस मी बसवू कुठे? म्हणणं खोटं नव्हतं. फक्त खोली विकण्याआधी म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग मुलाने तोड काढली. कॉलनीतला तळमजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट रात्री रिकामाच असतो, तिथे आईने थोडे दिवस काढावेत. कॉलनी विकली गेली की तो मोठं घर घेणार होता. त्यात आईची स्वतंत्र खोली, खिडकी थेट रस्त्यावर उघडणारी. म्हातारीला त्या खिडकीचं वेड लागलं होतं. खाली माणसं जाताहेत, भाजीवाल्याशी कुणी हुज्जत घालतंय, आणि आपण वरून बघतोय, एवढंच तिला हवं होतं.

सॅम्पल फ्लॅटमध्ये राहणं म्हणजे काय ते राहिल्याशिवाय कळायचं नाही. टेबलावरची फळं प्लास्टिकची, टीव्ही पुठ्ठ्याचा, कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसत्या पाठी. फ्रीजचं दार उघडायचं, आत काही नाही. पलंगावर झोपायला मनाई होती, कारण चादरीची घडी मोडते. ती खाली वळकटी पसरून झोपायची आणि सकाळी ती कपाटात कोंबायची. स्वयंपाक मागच्या बाल्कनीत, एका छोट्या शेगडीवर, तोही गिऱ्हाईक गेल्यावर. घरात माणूस राहतं याचा मागमूस राहता कामा नये, असा मुलाचा दंडक होता. घर बघायला आलेल्यांना तिथे फक्त स्वतःच दिसायला हवेत, असं तो म्हणायचा. धंद्यातलं त्याला कळत होतं, यात वाद नाही.

बाकाची सुरुवात मात्र तिच्याकडूनच झाली. एकदा कुणी बाईने तिला रस्त्यात विचारलं, इथे कसं आहे म्हणून, तिने दोन शब्द गोड सांगितले आणि बाईने त्याच दिवशी फ्लॅट घेतला. मुलाने तेव्हापासून तिला बाकावर नेमलं. सुरुवातीला तो तिला शिकवायचा, पुढे त्याची गरज उरली नाही. म्हातारी मुलखाची हुशार. ती कधी खोटं बोलायची नाही.

पाण्याचं कसं आहे? "मला तरी कधी कमी पडलं नाही." एकट्या बाईला दोन बादल्या पुरतात.

शेजार कसा? "काडीचा त्रास नाही." शेजार नव्हताच. ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांतल्या निम्म्यांनी कुलपं घातली होती आणि बाकीचे अंधार पडल्यावर घरी यायचे.

वारा येतो का? "संध्याकाळी तर असा सुटतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात." तो यायचा कचरा डेपोवरून. म्हणून तर एजंट गिऱ्हाइकांना सकाळीच बोलवायचा.

एकदा दुसऱ्या मजल्यावरची एक बाई टँकरमागे बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणाला होतात पाणी कमी पडत नाही." म्हातारी म्हणाली, "मला नाही पडलं हो." त्या बाईने पुन्हा कधी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हातारीला वाईट वाटलं, पण फार नाही. त्या बाईला निदान नवऱ्यावर ओरडायची सोय होती.

होता होता सगळं विकलं गेलं. उरला एकटा सॅम्पल फ्लॅट. म्हातारीने वळकटीला बांधायची दोरी काढून ठेवली आणि ती बाकावर जरा ताठ बसायला लागली.

त्या फ्लॅटसाठी एक नवरा-बायको आले. सोबत त्याची आई होती, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. एजंट त्या दोघांना मीटरची खोली दाखवायला घेऊन गेला आणि बाई बाकावर येऊन बसल्या. चालताना त्यांना धाप लागत होती.

श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "हे घर माझ्यासाठी आहे. मुलाला वाटतं मला अजून पत्ता नाही. आईला मोकळी हवा हवी, म्हणतो. शहरातली माझी जागा विकून हे घ्यायचं चाललंय."

"जागा कुणाच्या नावावर आहे?" म्हातारीने विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं.

"माझ्या. अजून सही केलेली नाही. म्हणून तर तुमच्यापाशी बसले. तुम्ही इथे राहता ना?"

"हो. तळमजल्यावरच."

"एकट्या?"

"एकटीच."

"मुलगा येतो भेटायला?"

"रोज येतो," म्हातारी म्हणाली. हे अगदी खरं होतं.

बाईंचा चेहरा जरा सैल झाला. "हे बघा, मला दमा आहे. हवा चांगली असेल तर मी येईन, मुलाचं मनही मोडायला नको. पण तुम्ही नको म्हणालात तर मी सही करणार नाही. मग त्याने आदळआपट केली तरी चालेल."

म्हातारीने नेहमीचं काढलं, "संध्याकाळी तर असा वारा सुटतो..."

"तसं नको," बाई म्हणाल्या. त्यांनी जन्मभर पोरांची उत्तरं तपासली होती. "सरळ सांगा. मी इथे राहू का?"

दोन शब्द बोलायचे होते. नका येऊ. बाई उठून गेल्या असत्या, आपल्या जागेत, आपल्या नळाशी. आणि म्हातारी राहिली असती इथे, प्लास्टिकच्या फळांपाशी, पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत. मीटरच्या खोलीतून तिचा मुलगा बाहेर येताना तिला दिसला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिला ती खिडकी दिसली आणि खिडकीखालची माणसं.

"या," ती म्हणाली. "हवा फार चांगली आहे. आणि मी आहे ना सोबतीला. संध्याकाळी दोघी इथेच बसत जाऊ."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी म्हातारीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "चहा माझ्याकडून," त्या म्हणाल्या. तो हात कोमट आणि मऊ होता. म्हातारीला त्याचा राग आला.

बाई राहायला आल्या त्या सकाळी म्हातारी ठेवणीतली साडी नेसून मागच्या फाटकापाशी मुलाच्या गाडीत बसली होती. समोरच्या फाटकातून सामानाचा टेम्पो आत शिरला. सामान उतरायच्या आधीच बाई थर्मास घेऊन बाकावर येऊन बसल्या. त्यांनी दोन कप आणले होते. त्या इकडेतिकडे बघत होत्या.

"चल लवकर," म्हातारी मुलाला म्हणाली.

गाडी निघाली. सूनबाईशी कसं जुळवून घ्यायचं ते म्हातारीने मनाशी पक्कं केलं होतं. कशात बोलायचं नाही, स्वयंपाकात नाक खुपसायचं नाही. चौक आला. शहराचा रस्ता डावीकडे होता. गाडी सरळ गेली.

"रस्ता चुकलास रे."

"नाही गं आई. नवीन काम मिळालंय, याच्या दुप्पट मोठं. तुझ्यामुळेच मिळालं, सगळे म्हणतात एवढ्या लवकर कुणी विकलं नव्हतं."

"आणि खोली?"

"खोली कुठे पळून जाते? हे एवढं विकलं की घेऊच." त्याने मागे वळून पाहिलं आणि तो हसला. लहानपणी ताप आला की असाच हसायचा. "तुला तरी घरात बसून काय करायचंय? इथे कसं माणसांत राहतेस."

नव्या कॉलनीच्या इमारती अजून अर्ध्या बांधलेल्या होत्या. बाग तयार होती. बाकावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये टेबलावर फळं होती, तीच, जुन्या फ्लॅटमधून आणलेली. म्हातारीने वळकटी कपाटात ठेवली. ती भांडली नाही. भांडून जायचं कुठे, हा प्रश्न तिच्या मुलाने आधीच सोडवून ठेवला होता.

पुढे एकदा गिऱ्हाइकांची वाट बघताना मुलगा बाकाजवळ उभा होता. त्याला काहीतरी आठवलं.

"त्या गणिताच्या बाई, तुझ्या मैत्रीण. रोज फोन. त्या काकू कुठे गेल्या, त्यांचा पत्ता द्या. भंडावून सोडलं मला."

"मग?"

"सांगितलं, वारल्या म्हणून."

समोर माळी रोपांना पाणी घालत होता, आज गिऱ्हाईक येणार होतं म्हणून.

"बरं केलंस," ती शेवटी म्हणाली. मग थोड्या वेळाने विचारलं, "रडल्या का रे?"

"हो. फोनवरच. धाप लागली त्यांना, बोलता येईना."

कुणीतरी आपल्यासाठी रडलं होतं. म्हातारीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली, पण बरं वाटायचं थांबलं नाही.

फाटकात गाडी थांबली. एक जोडपं उतरलं आणि त्यांच्यामागून काठी टेकत एक म्हातारा. मुलगा दोन पावलं मागे सरकला, शर्ट नीट केला आणि त्यांना घेऊन बाकापाशी आला.

"काय काकू, तब्येत बरी ना?"

"तुमच्या कृपेने बरी आहे, साहेब," म्हातारी म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने म्हाताऱ्याला बसायला जागा केली.